‘द वुमन इन ब्लॅक’ वाचलेल्यांना एक प्रश्न

सांजसावली :
सुसान हिल यांची ‘द वुमन इन ब्लॅक’ ही १९८३ साली प्रसिद्ध झालेली छोटेखानी कादंबरी दोन बैठकांत वाचून संपवली. पुढे शेवट उघड केला आहे, त्यामुळे ज्यांना ती वाचायची आहे त्यांनी येथेच थांबावे.

आर्थर किप्स हा लंडनचा तरुण वकील मिसेस ड्रॅब्लो या दिवंगत अशिलाची कागदपत्रे आवरायला ईल मार्श हाउस या एकाकी घरी जातो, आणि अंत्यविधीच्या वेळी दिसलेली काळ्या कपड्यांतली, झिजून हाडांना चिकटलेल्या चेहऱ्याची स्त्री त्याचा पिच्छा सोडत नाही, एवढेच कथानक आहे. पहिल्या बऱ्याच पानांत धुके, रेल्वेप्रवास आणि जेवणखाण यांपलीकडे फारसे काही घडत नाही. मला ते आवडले, पण माझ्या बहिणीने तिथेच पुस्तक मिटले. शेवटाबद्दल मात्र माझीच तक्रार आहे. ज्याने कुणाचेही वाकडे केले नाही अशा माणसाचे तान्हे मूल आणि पुढे पत्नीही दोन-तीन पानांत हिरावून घेतली जाते. हा शेवट तुम्हाला पटला का?

खाजणकाठ :
आपल्या बहिणीला जिथे काही घडत नाही असे वाटले, तिथेच माझ्या मते लेखिकेने सगळी तयारी करून ठेवली आहे. ते घर खाजणात आहे, तिथे जाणारी वाट भरतीच्या वेळी पाण्याखाली जाते आणि मग आतल्या माणसाला ओहोटीपर्यंत सुटका नाही, ही एक भौगोलिक गोष्ट नीट समजली की भुताची वेगळी गरजच उरत नाही. माझे बालपण अलिबागला गेले. कुलाबा किल्ल्यावर ओहोटीत चालत किंवा घोडागाडीतून जायचे आणि पाणी चढायच्या आत परतायचे, हे आम्हाला घड्याळ कळण्याआधी कळत असे. त्यामुळे गाडीवान केकविक किप्सला घराशी सोडून निघून जातो, त्या पानावर माझ्या पोटात खड्डा पडला. तोपर्यंत घरात काहीही झालेले नव्हते.

वेताची_पेटी :
कादंबरीइतकेच तिचे नाटकही पाहण्याजोगे आहे. स्टीफन मॅलाट्रॅट यांनी केलेले हे रूपांतर १९८७ साली स्कारबरोला, म्हणजे लेखिकेच्याच जन्मगावी, प्रथम रंगमंचावर आले आणि लंडनच्या फॉर्च्यून थिएटरमध्ये १९८९ पासून २०२३ पर्यंत चालले. लंडनला राहत असताना मी ते पाहिले. दोन नट जवळजवळ सगळ्या भूमिका करतात, वेताची एक मोठी पेटी कधी घोडागाडी होते तर कधी आणखी काही, आणि स्पायडर ही कुत्री तर रंगमंचावर नसतेच, तरी ती दलदलीत रुतू लागली तेव्हा शेजारच्या गृहस्थांनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता. तेव्हा जाणवले की ही मुळात आवाजांची गोष्ट आहे. बंद खोलीतून येणारी ती एकसारखी धपधप खुर्ची डोलण्याची आहे हे कळल्यावर भीती कमी व्हायला हवी, पण ती वाढते, कारण खोलीत डोलणारे कुणी दिसत नाही.

जुना_वाचक :
थोडा विरोधी सूर लावतो. नारायण धारपांवर वाढलेल्या माझ्यासारख्या वाचकाला किप्स हा नायक म्हणून फारच भाबडा वाटतो. दाट धुक्यात बुडणाऱ्या मुलाची किंकाळी ऐकल्यावरही हे महाशय सायकल आणि कुत्री घेऊन पुन्हा त्याच घरी मुक्कामाला जातात, याला धैर्य म्हणावे की लेखिकेची सोय? जुन्या इंग्रजी भूतकथांची शैली त्यांनी इतकी तंतोतंत उचलली आहे की मोटारगाडी आली नसती तर काळाचा पत्ता लागला नसता. दहाव्या प्रकरणाचे नाव तर जुने इंग्रजी भूतकथाकार एम. आर. जेम्स यांच्या शिट्टीच्या कथेवरूनच घेतले आहे.

शेवट मात्र मला पूर्ण पटला. आपल्याकडच्या गोष्टींत भुताची इच्छा कळली, ती पूर्ण केली, की ते शांत होते. २०१२ च्या चित्रपटातला किप्स तेच करून पाहतो, त्या काळ्या कपड्यांतल्या स्त्रीच्या, म्हणजे जेनेटच्या, बुडालेल्या मुलाचे शव चिखलातून काढून आईजवळ नेऊन ठेवतो, आणि तरीही उपयोग होत नाही. कादंबरीत तर तेवढीही वाट ठेवलेली नाही. जेनेटचे मूल आधी बहिणीला दत्तक द्यावे लागले आणि मग डोळ्यांदेखत दलदलीत गेले. तिला न्याय नको आहे, इतरांनाही तेच भोगायला लावायचे आहे. किप्स निरपराध आहे की नाही, हा प्रश्न तिच्या लेखी नाहीच.

खाजणकाठ :
जुना_वाचक यांच्याशी किप्सच्या भाबडेपणाबद्दल मतभेद आहे. तो तरुण आहे, पहिलेच महत्त्वाचे काम मिळाले आहे, आणि घाबरून परत आलो असे वरिष्ठांना सांगण्यापेक्षा भूत परवडले असे वाटण्याचे ते वय असते. शेवटाविषयी एवढेच सुचवतो की बागेतल्या प्रसंगात पत्नी आणि मूल कशात बसलेले असतात ते पुन्हा पाहावे.

सांजसावली :
पुन्हा पाहिले. एका तट्टाची छोटी गाडी! धुक्यात तिचा खडखडाट, तट्टाचे खिंकाळणे आणि मुलाचा आक्रोश या क्रमाने जे आधी ऐकू आले होते, तेच बागेत उन्हात, लोकांच्या गर्दीत घडते, आणि पहिल्या वाचनात मला गाडी दिसली तरी आवाज आठवला नाही. शेवट अचानक येतो ही तक्रार मागे घेते. तो अन्यायाचा आहे ही तक्रार कायम आहे. बहिणीला पुस्तक पुन्हा दिले आहे. भरतीचे वेळापत्रक लक्षात ठेवून वाच, एवढेच सांगितले.