पी०२९९ कोड आणि टर्बो बदलण्याचा सल्ला: बाहेरचे गॅरेज की कंपनीचे सर्व्हिस सेंटर?

इंदिरानगरकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी.

आमच्याकडे २०१८ सालची, बीएस-४ या प्रदूषण मानकाची डिझेल गाडी आहे आणि तिची वॉरंटी संपलेली आहे. एरवी ती नाशिक शहरातच फिरते. मात्र वडिलांच्या उपचारांसाठी आम्हाला तिच्यातून अधूनमधून मुंबईला जावे लागते. मागच्या वेळी परत येताना कसारा घाटाच्या चढावर, मालमोटारीला मागे टाकण्यासाठी ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला असताना, गाडीचा पिकअप अचानक गेला आणि चेक इंजिनचा दिवा लागला. त्यानंतर गाडी कशीबशी चढ चढली. इगतपुरीला थांबून इंजिन बंद करून पुन्हा सुरू केल्यावर ताकद परत आली, पण दिवा गेला नाही. शहरात चालवताना काहीच जाणवत नाही. मोठ्या चढावर मात्र बॉनेटखालून हवा सुटल्यासारखा बारीक आवाज येतो, असे माझ्या भावाचे म्हणणे आहे.

द्वारका भागातील एका गॅरेजमध्ये मी गाडी घेऊन गेले, तेव्हा स्कॅनरवर पी०२९९ हा कोड आला. टर्बोचा (इंजिनात दाबाने हवा भरणाऱ्या भागाचा) दाब कमी पडतो असा त्याचा अर्थ असून टर्बो उघडून दुरुस्त करावा लागेल, असे तेथील मिस्त्रींनी सांगितले. खात्री करावी म्हणून कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला गेले. तेथेही तोच कोड निघाला आणि टर्बोची पूर्ण असेंब्ली बदलण्याचे एस्टिमेट हातात मिळाले, जे गाडीच्या आजच्या किमतीच्या मानाने फार मोठे आहे. टर्बोच बिघडला आहे हे कोणत्या तपासणीवरून ठरवले, असे मी विचारले असता संगणकानेच तसे दाखवले आहे, एवढेच उत्तर मिळाले.

टर्बो बदलण्यासाठी हा एक कोड पुरेसा पुरावा मानावा का? आणि पुढची तपासणी बाहेर करून घ्यावी की अधिकृत ठिकाणी? वडिलांना घेऊन घाटात पुन्हा अडकण्याची भीती वाटते, म्हणून घाई आहे. पण चुकीच्या भागावर पैसे घालवणेही परवडणारे नाही.

अंबड गॅरेज (उत्तर)

ताई, टर्बो बदलण्याचा निर्णय तूर्त थांबवा. दोन्ही ठिकाणी कोड बरोबर वाचला गेला आहे, पण तपासणी मात्र एकाही ठिकाणी झालेली दिसत नाही.

इंजिनच्या ईसीयूला (इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकाला) टर्बो दिसत नसतो. त्याला इनटेकमधल्या (हवा आत घेणाऱ्या मार्गातल्या) सेन्सरकडून दाबाचा आकडा मिळतो आणि त्या क्षणी किती दाब हवा होता हे त्याचे त्याला ठाऊक असते. या दोन आकड्यांतली तफावत ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त झाली आणि काही काळ तशीच राहिली, की तो पी०२९९ नोंदवतो आणि इंजिनाला इजा होऊ नये म्हणून ताकद कमी करतो. दाब का कमी पडला, हे त्या कोडमध्ये कोठेही लिहिलेले नसते. इंटरकूलरचा (टर्बोतली गरम हवा थंड करणाऱ्या भागाचा) होज म्हणजे रबरी पाइप चिरला असेल, क्लॅम्प ढिला झाला असेल, टर्बोच्या ॲक्चुएटरकडे (टर्बोची पाती दांडीने हलवणाऱ्या भागाकडे) जाणारी व्हॅक्यूमची बारीक नळी उष्णतेने कडक होऊन तडकली असेल, दाब नियंत्रित करणारा, विजेवर चालणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह नीट उघडत नसेल, ईजीआर व्हॉल्व्ह (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी झडप) उघडाच अडकला असेल, दाबाच्या सेन्सरवर काजळी बसली असेल किंवा खरोखरच टर्बो गेला असेल. या प्रत्येक दोषात स्कॅनर तोच कोड दाखवू शकतो. यातला टर्बो हा सर्वांत महागडा भाग आहे, आणि म्हणूनच त्याच्यावर ठपका ठेवण्याआधी बाकीचे सगळे तपासून बाजूला काढले पाहिजेत.

तपासणीची सुरुवात फुकटात होते. इग्निशन चालू ठेवून, इंजिन सुरू न करता, स्कॅनरच्या लाइव्ह डेटामध्ये (त्या क्षणीच्या आकड्यांत) मॅनिफोल्डचा, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या पाइपातला, दाब पाहावा. त्या वेळी सेन्सरने बाहेरच्या हवेचाच दाब दाखवायला हवा. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्यामुळे तो येथे ९४ किलोपास्कलच्या आसपास येतो. मुंबईत तोच १०१ च्या जवळ असतो. आकडा यापासून बराच दूर असेल, तर आधी सेन्सर आणि त्याची वायरिंग तपासावी. आकडा बरोबर असेल, तर होज एकेक करून हाताने चाचपावेत. टर्बोनंतरच्या होजच्या सांध्यावर तेलाची ओली काळपट रेघ दिसली, तर तेथून हवा सुटत असण्याची शक्यता मोठी आहे, कारण इंजिनातून येणारी थोडी तेलकट वाफ त्या हवेबरोबर जात असते आणि गळतीच्या जागी साचते. तुमच्या भावाने ऐकलेला आवाज म्हणूनच मला महत्त्वाचा वाटतो.

त्यानंतर स्मोक टेस्ट करावी, म्हणजे इनटेकमध्ये यंत्राने धूर सोडून तो कोठून बाहेर येतो ते पाहावे. येथे एक सावधगिरी बाळगावी लागते. स्मोक मशीनचा दाब फार कमी असतो, आणि काही होजची चीर घाटात पूर्ण दाब आल्यावरच उघडते. त्यामुळे धूर दिसला नाही म्हणजे गळती नाही, असे धरून चालू नये. शंका राहिल्यास नियंत्रित हवेच्या दाबाने स्वतंत्र चाचणी करावी. तुमच्या गाडीत ॲक्चुएटर व्हॅक्यूमवर चालणारा असेल, तर हाताच्या व्हॅक्यूम पंपाने तो ओढून पाहावा. दांडी अडखळत न सरकता पूर्ण अंतर जायला हवी आणि व्हॅक्यूम धरून राहायला हवा. व्हॅक्यूम उतरत असेल तर ॲक्चुएटरचा पडदा फाटला आहे. व्हॅक्यूम टिकूनही दांडी अडखळत असेल, तर टर्बोच्या आतल्या पात्यांवर काजळी साठली आहे, जे शहरात हळूहळू चालवल्या जाणाऱ्या डिझेल गाड्यांत वरचेवर आढळते.

टर्बोचा शाफ्टही याच वेळी पाहता येतो. हवेचा पाइप काढून टर्बोचे चाक बोटांनी हलवावे. आडव्या दिशेने किंचित खेळ असणे स्वाभाविक आहे, कारण चालताना शाफ्ट तेलाच्या थरावर तरंगत असतो. पण पुढे-मागे जाणवण्याइतका खेळ असेल किंवा पाती आवरणाला घासल्याच्या खुणा दिसत असतील, तर टर्बो गेला हे मीही मान्य करीन. तशा वेळी तेलाची फीड पाइप तपासल्याशिवाय नवा टर्बो बसवू देऊ नका, कारण पहिला टर्बो तेल न मिळाल्याने गेला असेल तर दुसराही त्याच वाटेने जाईल.

शेवटी चढावर पूर्ण ॲक्सिलरेटर देऊन अपेक्षित दाब आणि प्रत्यक्ष दाब यांचा आलेख नोंदवून घ्यावा. गाडी एकाने चालवावी आणि स्कॅनर दुसऱ्याने सांभाळावा. आणि हे सर्व होईपर्यंत कोड कोणालाही पुसू देऊ नका. कोड नोंदवला गेला त्या क्षणीचा वेग, आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे), इंजिनावरचा भार आणि तापमान ईसीयूने फ्रीझ फ्रेममध्ये साठवलेले असते. कोड पुसला की तेही जाते, आणि घाटात नेमके काय घडले याचा तुमच्याकडचा एकमेव पुरावा नाहीसा होतो.

या कामाला वेळ लागतो, म्हणून त्याचे पैसे वेगळे आकारले जातील हे मान्य करूनच गाडी द्यावी. तपासणी फुकट आणि कमाई फक्त सुट्या भागांवर, ही पद्धत आमच्या व्यवसायाला लागलेली कीड आहे असे माझे स्पष्ट मत आहे, कारण तीत भाग बदलणाऱ्याचा फायदा होतो आणि दोष शोधणाऱ्याचा तोटा.

नाशिकरोड वर्कशॉप (उत्तर)

मी बरीच वर्षे अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या वर्कशॉपमध्ये तंत्रज्ञ होतो, त्यामुळे दुसरी बाजूही मांडणे मला आवश्यक वाटते. वर सांगितलेला तपासणीचा क्रम योग्यच आहे, पण प्रत्येक बाहेरच्या गॅरेजमध्ये तो पाळण्याची साधने असतात असे समजू नये.

आपल्याकडे एप्रिल २०१३ पासून बीएस-४ गाड्यांना ओबीडी-२ (गाडीने स्वतःचे दोष ओळखून कोडने नोंदवण्याची व्यवस्था) सक्तीचे झाले. त्यामुळे डॅशबोर्डखालच्या १६ पिनांच्या सॉकेटला कोणताही स्कॅनर जोडला, तरी पी० ने सुरू होणारे सामायिक कोड वाचता येतात. पी१ ने सुरू होणारे कोड मात्र प्रत्येक कंपनीचे स्वतःचे असतात, आणि स्वस्त ब्लूटूथ अडॅप्टरला एबीएस, एअरबॅग किंवा बॉडी कंट्रोलच्या मोड्यूलपर्यंत बहुधा पोहोचताही येत नाही. लाँच किंवा ऑटेलसारखे मल्टिब्रँड स्कॅनर बरेच पुढचे काम करतात. परंतु त्यांचे सॉफ्टवेअर वेळोवेळी पैसे भरून अद्ययावत ठेवावे लागते, आणि ते किती गॅरेजवाले ठेवतात हे विचारूनच पाहावे. कंपनीच्या स्वतःच्या स्कॅनरवरून सोलेनॉइड किंवा ॲक्चुएटर आज्ञा देऊन हलवता येतो, नवा भाग बसवल्यावर ईसीयूला त्याची ओळख करून देता येते, आणि त्या मॉडेलच्या माहीत असलेल्या दोषांची तांत्रिक परिपत्रकेही तेथेच मिळतात. काही वेळा दोष ईसीयूच्या सॉफ्टवेअरमध्ये असतो आणि त्याची सुधारित आवृत्ती आधीच आलेली असते. इंजेक्टर (इंधन फवारणारा भाग) बदलल्यावर त्यावरचा कोड ईसीयूमध्ये भरणे, चोरी रोखणाऱ्या इमोबिलायझरची चावी जुळवणे आणि एअरबॅगची कामे यांसाठी मी आजही अधिकृत सेंटरलाच पाठवतो.

मग तेथे थेट असेंब्ली बदलण्याचा सल्ला का दिला जातो? त्यामागे नेहमीच लबाडी असते असे नाही. कंपनीच्या पार्ट कॅटलॉगमध्ये अनेकदा टर्बो हा एकच भाग म्हणून येतो, त्याचा ॲक्चुएटर किंवा आतला संच वेगळा मिळत नाही, आणि मिळाला तरी तो बसवून दिलेल्या कामाची हमी देण्यास वर्कशॉप तयार नसते. प्रत्येक कामासाठी कंपनीने ठरवलेला वेळ असतो; असेंब्ली बदलणे त्या वेळेत बसते, होजमधली चीर शोधणे बसत नाही. शिवाय ग्राहक बोलतो सर्व्हिस ॲडव्हायजरशी आणि गाडी तपासतो आतला तंत्रज्ञ. या दोघांच्या मध्ये चढावरचा आवाज, पूर्ण ॲक्सिलरेटर, इगतपुरीला परत आलेली ताकद हे सगळे तपशील गळून पडतात आणि जॉब कार्डवर उरते ते केवळ चेक लाइट एवढेच.

म्हणून ताई, अधिकृत ठिकाणी गेलात तर तक्रार तुमच्या शब्दांत सविस्तर लिहूनच घ्या, वर्कशॉप मॅनेजरना भेटा, आणि रोड टेस्टला तंत्रज्ञाबरोबर स्वतः बसण्याचा आग्रह धरा. चांगला तंत्रज्ञ याला कधीच हरकत घेत नाही.

पंचवटीकर (उत्तर)

तांत्रिक बाबतीत मला भर घालायची नाही. मी ग्राहकाच्या हक्कांविषयी लिहितो. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता, आणि त्यामागचे एक मुख्य कारण हेच होते की सुटे भाग, तांत्रिक माहिती आणि दोष शोधण्याची साधने स्वतंत्र गॅरेजना खुल्या बाजारात मिळू दिली जात नव्हती. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये, बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले असेल तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल, असेही त्या आदेशात म्हटले होते. आदेशाला पुढे आव्हान दिले गेले आणि प्रकरण वरच्या पायरीवर गेले, हे लक्षात ठेवावे. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी जे पोर्टल सुरू केले, त्यात मोटारींचाही समावेश आहे.

ताईंच्या गाडीची वॉरंटी संपलेली असल्यामुळे तो प्रश्न येथे उद्भवत नाही, पण ज्यांची वॉरंटी चालू आहे त्यांनी मात्र असा दोष आधी अधिकृत ठिकाणी लेखी नोंदवावा. आणि जुना भाग बदललाच, तर तो परत मागून घ्यावा.

इंदिरानगरकर

सर्वांचे मनापासून आभार. वर सांगितलेला क्रम छापून घेऊन मी स्मोक मशीन असलेल्या एका गॅरेजमध्ये गेले. इंजिन बंद असताना दाब ९४ आला. इंटरकूलरच्या खालच्या होजवर क्लॅम्पच्या कडेला चीर निघाली आणि धूरही तेथूनच आला. होज बदलला आहे. शाफ्टचा खेळ पुढे-मागे अजिबात नाही. पेठ रस्त्यावरच्या सावळघाटात रोड टेस्ट घेतली, तेव्हा आवाज पूर्ण बंद झाल्याचे आढळले आणि कोड आला नाही. मात्र आलेखात कमी आरपीएमला पूर्ण ॲक्सिलरेटर दिल्यावर प्रत्यक्ष दाब अपेक्षित दाबाच्या थोडा मागे राहतो आणि मग त्याला गाठतो. एवढा फरक चालतो का?

अंबड गॅरेज

ताई, टर्बोला फिरायला वेळ लागतो, म्हणून क्षणभराचा फरक प्रत्येक गाडीत असतो. तो एखाद्या सेकंदात भरून निघत असेल तर काळजी करू नका. त्याहून जास्त वेळ लागत असेल तर ॲक्चुएटरची दांडी व्हॅक्यूम पंपाने तपासायची राहिली आहे, ती तपासून घ्या. ती अडखळली तर टर्बो न बदलता उघडून त्याची पाती साफ करता येतात. सातपूरला बॉशचा डिझेल इंजेक्शनचा कारखाना असल्यामुळे आपल्या शहरात डिझेलची कामे जाणणारी माणसे शोधायला फार लांब जावे लागत नाही. दांडी व्यवस्थित सरकली तर मात्र अधिकृत सेंटरला जा आणि जॉब कार्डवर एवढेच लिहायला सांगा: बूस्ट कंट्रोल सोलेनॉइडची (दाब नियंत्रित करणाऱ्या व्हॉल्व्हची) ॲक्चुएटर टेस्ट करावी आणि ईसीयूच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती उपलब्ध आहे का ते पाहावे. होज बदलल्याचे बिल आणि रोड टेस्टचा आलेख बरोबर न्या, म्हणजे तपासणी पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी लागणार नाही. वडिलांना घेऊन जाण्याआधी एकदा रिकाम्या गाडीने कसारा घाट चढून या आणि तो आलेखही येथे टाका, मी पाहतो.