मदत हवी आहे: वाणिज्य व व्यवस्थापन विभागाचे संशोधन मोजायचे कसे?

नमस्कार मंडळी,

बेळगाव परिसरात मी वाणिज्य शिकवते. विभागाच्या गेल्या पाच वर्षांतील संशोधनाचे निकष ठरवणाऱ्या समितीत मी आहे, आणि दोन मुद्द्यांवर आमचे घोडे अडले आहे.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमावलीनुसार आमच्या शाखेतील शोधनिबंधाला मूळ १० गुण आहेत. लेखक दोन असतील तर प्रत्येकाला ७. तीन असतील तर मुख्य लेखकाला ७ आणि इतरांना प्रत्येकी ३. एकेका प्राध्यापकाची नेमणूक वा बढती ठरवताना हे ठीक आहे. परंतु सर्वांचे गुण मिळवून विभागाची बेरीज मांडली, की एकट्याने लिहिलेला निबंध १० गुणांचाच राहतो आणि विभागातल्याच दोघांनी लिहिलेला तोच निबंध १४ गुणांचा होतो. निबंध एकदाच धरावा व बाहेरच्या सहलेखकांचा वाटा वजा करावा, असे माझे मत आहे. त्यामुळे एकत्र काम करण्याची उमेद जाईल, असे काही सहकारी म्हणतात, आणि त्यांच्या म्हणण्यातही तथ्य आहे.

दुसरा प्रश्न मला अधिक जिव्हाळ्याचा वाटतो. मान्य नियतकालिकांची यूजीसी-केअर यादी २०२५ मध्ये बंद झाल्यापासून फक्त स्कोपस या आंतरराष्ट्रीय सूचीतील नियतकालिके धरावीत, असा आग्रह वाढला आहे. मग उद्यमबाग या आमच्या औद्योगिक वसाहतीतील लहान फौंड्रीला मालाचे पैसे किती उशिरा मिळतात आणि तोवर ती खेळते भांडवल कोठून उभे करते, याचा हिशेबवह्या पाहून केलेला, मराठीत किंवा कन्नडमध्ये छापलेला अभ्यास शून्यावर येतो. पतसंस्थांच्या थकबाकीवरील कामाचीही तीच गत. ब्रिटनमधील संशोधनाच्या राष्ट्रीय मूल्यमापनात विद्यापीठाबाहेरच्या उपयोगाला २०१४ मध्ये २० टक्के आणि २०२१ मध्ये २५ टक्के भार होता. त्यासाठी अशा उपयोगाची प्रकरणे (केस स्टडी) पुराव्यांसह मागवली गेली. तशी सोय आमच्या छोट्या विभागात कशी करावी?

ज्यांनी अशा समितीवर काम केले आहे त्यांनी कृपया सांगावे: सहलेखनाचे गुण आपण विभागाच्या पातळीवर कसे वाटले? स्थानिक भाषेतील निबंध तपासायला बाहेरचे परीक्षक नेमले असतील, तर त्यांना कोणते निकष दिले? नमुना तक्ता मिळाल्यास फार उपकार होतील.