ट्रॅकवर गाडी कशी वागते? आलिशान आणि स्पोर्ट्स गाड्यांचे तुमचे अनुभव

घाटवळण, पुणे

मंडळी, अश्वशक्ती आणि शून्य ते शंभरचे आकडे कुठल्याही माहितीपत्रकात मिळतात. हा धागा ज्यांनी अशा गाड्या खरोखर ट्रॅकवर चालवल्या आहेत त्यांच्यासाठी. गाडी स्वतःची असो, मित्राची असो की ट्रॅक-डेला, म्हणजे सामान्य चालकांना शर्यतीच्या ट्रॅकवर गाडी चालवू देतात त्या दिवशी, हाती आलेली. विनंती एवढीच, की कुठलं वळण आणि तिथे गाडी काय करत होती ते लिहा. नुसतं ‘मस्त पळते’ लिहिलंत तर वाचणाऱ्याला काही मिळत नाही.

सुरुवात मी करतो. ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट 5.125 किलोमीटरचं. 2011 ते 2013 तिथे फॉर्म्युला वन झाली आणि तिन्ही शर्यती सेबास्टियन फेटेल या चालकानं जिंकल्या. तिथे मी बीएमडब्ल्यू एम 340 आय आणि पोर्शे 718 केमन एकाच दिवशी चालवल्या. तिसऱ्या वळणानंतर किलोमीटरभराहून लांब सरळ पट्टा लागतो. त्यावर बीएमडब्ल्यूचं सहा सिलिंडरचं इंजिन जे काही करतं ते ऐकत राहावं. सरळ रस्त्यावर केमन तिच्यापुढे टिकत नाही.

पण दहावं-अकरावं वळण! उजवीकडे वळत जाणारं, आतल्या बाजूला कललेलं, संपता संपत नाही असं. बीएमडब्ल्यूचं इंजिन पुढे, त्यामुळे वळणाच्या मध्यावर पुढचे टायर कुरकुरायला लागतात. नाक बाहेर सरकतं. पाय थोडा उचलायचा, नाक आत येऊ द्यायचं, मग पुन्हा दाबायचं. केमनमध्ये इंजिन सीटच्या मागे आणि मागच्या आसाच्या पुढे. तिथे ॲक्सिलरेटर एका जागी धरून ठेवला, स्टिअरिंगही जवळजवळ हललं नाही आणि गाडी आखल्यासारखी फिरली. त्या एका वळणासाठी मी केमन निवडीन.

तिसरा_गिअर, चेन्नई

इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक 3.7 किलोमीटरचा आणि वळणांचा. इथे मोठ्या गाड्यांना श्वास घ्यायला जागा नाही. मी मर्सिडीज-एएमजी ए 45 एस चालवली. दोन लिटरच्या चार सिलिंडरमधून 421 अश्वशक्ती. मागच्या आसावर दोन्ही चाकांना वेगवेगळा क्लच आहे. वळणातून निघताना बाहेरच्या मागच्या चाकाला जास्त जोर मिळतो आणि गाडी आतल्या बाजूला ढकलली जाते. पुढून ओढणाऱ्या हॅचबॅकची सवय असेल तर पहिल्यांदा विश्वास बसत नाही.

चेन्नईच्या उन्हाबद्दल मात्र सांगायलाच हवं. सकाळी भरलेली हवा काही फेऱ्यांत सहा-सात पीएसआयनं वाढते, आणि मग उत्तम टायरसुद्धा घसरायला लागतो. पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या थांब्यावर, येऊन गरम टायरची हवा मोजा आणि कमी करा. दोन गाड्यांची तुलना करणारे निम्मे लोक खरं तर दोन गाड्यांच्या टायरमधल्या हवेची तुलना करत असतात.

चकती, चाकण

माझं कामच ब्रेकचं आहे, म्हणून थोडा हिशोब मांडतो. 2,000 किलोची गाडी ताशी 200 वरून 100 वर आणायची तर सुमारे 23 लाख ज्यूल ऊर्जा बाहेर काढावी लागते, आणि तिचा बहुतेक भाग ब्रेकच्या डिस्कमध्ये उष्णता होऊन जातो. 1,100 किलोच्या गाडीत तेच काम पावणेतेरा लाखांच्या आसपास होतं. हे प्रत्येक फेरीत, प्रत्येक मोठ्या ब्रेकिंगला. म्हणून आलिशान गाडीचे ब्रेक पहिल्या फेरीत अप्रतिम वाटतात आणि चौथ्या फेरीत पेडल खोल जायला लागतं. मी एका मोठ्या एसयूव्हीत ते अनुभवलंय. तिचं नाव इथे लिहीत नाही, कारण त्या वजनाच्या कुठल्याही गाडीत तेच झालं असतं.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं आणि मग लवकर उकळतं. डॉट 4 या दर्जाच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा शोषलेल्यासाठी ही किमान मर्यादा 155 आहे. पावसाळ्यानंतर ऑइल न बदलता ट्रॅकवर जाऊ नका, ही कळकळीची विनंती.

सह्यमित्र

वाचतोय. चकती, सिरॅमिक डिस्क असल्या तर हा प्रश्न सुटतो का?

चकती, चाकण

डिस्कचा बराचसा सुटतो. ऑइल आणि टायर तेच राहतात, आणि वजनही.

श्वाबेनकर, श्टुटगार्ट

वाहन उद्योगातल्या नोकरीमुळे पुण्याचे आम्ही बरेच जण या भागात आहोत, त्यामुळे न्यूर्बुर्गरिंग या जर्मनीतल्या ट्रॅकची वारी ओघानं आलीच. नॉर्डश्लाइफं हा त्याचा जुना, लांब भाग म्हणजे 20.8 किलोमीटर, सत्तरहून जास्त वळणं आणि सुमारे 300 मीटरचा चढउतार. 1927 सालचा हा रस्ता आजही पर्यटकांना तिकीट काढून चालवता येतो. नियम रस्त्याचेच: ओव्हरटेक फक्त डावीकडून, वेळ मोजायला बंदी, आणि कठड्याला धडकलात तर त्याचा खर्च तुमचा.

इथे मी मित्राची पोर्शे 911 जीटी 3 आणि एअर सस्पेन्शन असलेली, चारही चाकांना जोर देणारी मर्सिडीज ई-क्लास चालवली आहे. फुक्सऱ्योरं हा उतार असा की गाडी दरीत झेपावते, तळाला दबते आणि लगेच चढाला लागते. ई-क्लास तळाला दबली की परत सावरायला क्षणभर घेते. त्या क्षणात पुढचं आडेनाउअर फोर्स्टचं डावं-उजवं वळण येऊन ठेपतं, म्हणून ब्रेक बराच आधी लावावा लागतो. शिवाय आत इतकी शांतता, की 160 चा वेग 110 सारखा वाटतो. घाटात हे सुख आहे. इथे वेगाचा अंदाज कानांवरून येत नाही, काट्याकडे पाहावं लागतं, आणि नजर काट्याकडे गेली की वळण निसटतं.

जीटी 3 मध्ये याच्या अगदी उलट. चार लिटरचं, टर्बो नसलेलं इंजिन मिनिटाला 9,000 फेऱ्यांपर्यंत चढतं आणि ते किती चढलंय हे पाठीला कळतं. कारुसेल या वळणाच्या काँक्रीटच्या खोबणीत उतरलं की प्रत्येक सांधा हातात येतो, दात वाजतात. पण पुढच्या टायरला किती पकड उरली आहे, हे स्टिअरिंग इतकं स्वच्छ सांगतं की भीती कमी होते. आजवर चालवलेल्यांत हीच गाडी मला सर्वांत प्रामाणिक वाटली.

मात्र हा ट्रॅक आहे त्या आयफेलच्या डोंगरात एका टोकाला ऊन आणि दुसऱ्या टोकाला पाऊस हे नेहमीचंच. ओल्या भागात ई-क्लासनं जी सोबत दिली, तिची किंमत मला जीटी 3 मध्ये पाऊस लागला तेव्हा कळली. ट्रॅकसाठीचे ते टायर थंड आणि ओल्या रस्त्यावर पकडच घेत नाहीत. म्हणून ‘आलिशान गाडी ट्रॅकवर निरुपयोगी’ हे मला मान्य नाही.

मोगरा, बे एरिया

श्वाबेनकर दादा, छान लिहिलंत. मी कॅलिफोर्नियातल्या लागुना सेका ट्रॅकबद्दल लिहिते. तिथलं कॉर्कस्क्रू म्हणजे डावं आणि लगेच उजवं वळण, आणि त्यातच रस्ता सुमारे 18 मीटर खाली जातो. माथ्यावर पोहोचल्यावर पुढचं काही दिसत नाही. इन्स्ट्रक्टर दूरच्या झाडाकडे नजर ठेवायला सांगतात. माझ्याकडे माझदाची एमएक्स-5 आहे, वजन साधारण 1,100 किलो. माथ्यावर ती हलकी होते, झुकते आणि लगेच बसते. नवऱ्याबरोबर एक इलेक्ट्रिक स्पोर्ट्स सेडानही चालवली. चढावर तिचा जोर थक्क करणारा, आणि या ट्रॅकवर आवाजाची कडक मर्यादा असते तीही तिला लागत नाही. पण उतरताना तळाशी असलेलं बॅटरीचं वजन गाडीला बाहेर ओढतं आणि काही फेऱ्यांनी तापमानामुळे ताकद कमी होते. मी एमएक्स-5 वर ठाम आहे. दिवसभर चालवून तिचे टायर आणि पॅड दोन्ही शिल्लक राहतात.

माळवी, इंदूर

आमच्या पीथमपूरच्या नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राचा विषय वेगळा. 11.3 किलोमीटरचा लंबवर्तुळाकार हाय-स्पीड ट्रॅक, 2021 मध्ये सुरू झालेला. वळणावर कड इतकी उभी आहे की ताशी 250 ला स्टिअरिंग न वळवता गाडी फिरते. म्हणून इथे गाडीचं हाताळणं कमी आणि स्थैर्य जास्त कळतं. व्ही 10 ऑडी आर 8 त्या वेगाला रस्त्याला चिकटून राहते. उंच आलिशान एसयूव्हीत मात्र वारा दारांवर आदळलेला जाणवतो.

सह्यमित्र

पहिल्या ट्रॅक-डेला माझी स्वतःची डिझेल सेडान नेऊ की भाड्याची स्पोर्ट्स गाडी घेऊ?

घाटवळण, पुणे

स्वतःचीच न्या. ब्रेक ऑइल बदला, पॅडची जाडी तपासून घ्या, डिकी रिकामी करा, आणि पहिला तास इन्स्ट्रक्टरला शेजारी बसवा. लाइन (वळणातून गाडी न्यायची वाट) आणि ब्रेकिंगची जागा त्या गाडीत शिकलात की मग केमन घ्या. तेव्हा दहाव्या-अकराव्या वळणावर ती काय करते ते तुमच्या लक्षात येईल. इतरांनीही लिहा, विशेषतः कोइंबतूरच्या करी स्पीडवेवर कुणी मोठी सेडान चालवली असेल तर.