गोठ्याचे खांब बार्शी लाईटच्या रुळांचे असतील का?

प्रश्न – सोलापूरचा भाचा
बार्शी तालुक्यात मामाच्या शेताला लागून एक पडकी दगडी खोली आहे. पुढं लांबच लांब भराव, त्यावर आता बाभळी. मामाच्या गोठ्याचे खांब रुळाचे, पण एकदम बारके. मामा म्हणतो, साखर कारखान्याच्या ट्रॉलीचे. मला वाटतं, तिथं स्टेशन होतं. जाणकारांनी सांगावं.

कुर्डुवाडीकर
स्टेशनच, बार्शी लाईट या जुन्या छोट्या रेल्वेचं. माझे वडील कुर्डुवाडीच्या वर्कशॉपात फिटर, त्यामुळं आमच्या घरी जेवतानासुद्धा हाच विषय. दोन रुळांत अंतर अडीच फूट. आणि रूळ बारके ते मुद्दाम! कॅल्थ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरचा हिशोब असा, की एका आसावर ५ टनांच्या वर भार येऊ द्यायचा नाही. मग यार्डाला, म्हणजे तीन फुटांना, ३० पौंडांचा हलका रूळ पुरतो, खर्च वाचतो. इंजिनं इंग्लंडमधल्या लीड्सच्या किटसन कंपनीची. १८९७ ला कुर्डुवाडी-बार्शी सुरू झाली (कुर्डुवाडी स्टेशन तेव्हा ‘बार्शी रोड’), १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर, १९२७ ला मिरज. १९५४ ला सरकारनं घेतली. कॅल्थ्रॉप पुढं पॅराशूट बनवायला लागला. रुळावरनं थेट आभाळात!

खात्री करायचीय? फूटभर तुकडा तोला. दहा पौंड, म्हणजे साडेचार किलोच्या आसपास भरला पाहिजे.

येडशीची लेक
२००८ च्या सुमारास आमच्याकडं ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रुळांची लाईन आली. जुनी लाईन येडशीहून कळंब रोड, तडवळ्याकडं जायची. नवी उस्मानाबादला वळवली. तिकडची जुनी स्टेशनं तशीच उघडी पडली. आषाढीला टपावर माणसं बसायची, हे आईनं स्वतः पाहिलंय. चालत्या गाडीतनं उतरून हरभरा उपटून परत चढायचे, ही गोष्ट मात्र प्रत्येक गावात ऐकायला मिळते. मी निम्मीच धरते.

सोलापूरचा भाचा
एक तुकडा दावणीपाशी पडलेला होता, तो किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवला. फुटाला सव्वाचार किलो. गंजानं खाल्लेला धरला तर जमतंय. मामा आता म्हणतो, “मी कधी ट्रॉली म्हणालो?”