मदत हवी आहे: मॅसॅच्युसेट्सचं 'जनरल कोर्ट' कुठल्या रकान्यात टाकू?

आठवीची_आई: मंडळी, आम्ही न्यू जर्सीत असतो. लेकीला शाळेसाठी तक्ता करायचाय. डावीकडे इंग्लंडमधली परंपरा, उजवीकडे अमेरिकेतल्या वसाहतींमध्ये त्यातून काय आलं ते. १२१५ चा मॅग्ना कार्टा, पार्लमेंट, १६८९ चं बिल ऑफ राइट्स, हे तिने पटापट भरलं. अडलंय जनरल कोर्टापाशी.

नाव ऐकून आम्ही दोघींनी ते न्यायव्यवस्थेत टाकलं होतं. मग वाचलं की ते तिथलं विधिमंडळ, आजही त्याच नावाचं! आणि १६२९ च्या सनदेत तर ती चक्क कंपनीच्या भागधारकांची सभा आहे. गव्हर्नर म्हणजे कंपनीचा प्रमुख, 'फ्रीमन' म्हणजे भागधारक. ईस्ट इंडिया कंपनीही लंडनला अशीच सभा भरवायची. व्हर्जिनियातली १६१९ ची सभासुद्धा कंपनीच्याच हुकमाने भरली. मग डावीकडे 'पार्लमेंट' लिहायचं कसं? लेक म्हणते, "आई, एक ओळ पुरते गं." मला पुरत नाहीये. शुक्रवारी द्यायचंय.

दप्तरी: ताई, परवानगी कंपनीची, वळण पार्लमेंटचं. व्हर्जिनियाचंच बघा. ३० जुलै १६१९ ला जेम्सटाउनच्या चर्चमध्ये सभा बसली. स्पीकर जॉन पोरी, हा आधी इंग्लंडात कॉमन्सचा, म्हणजे पार्लमेंटच्या निवडून दिलेल्या खालच्या सभागृहाचा, सभासद होता. सुरुवातीलाच प्रश्न आला की सभेत बसायचा हक्क कोणाकोणाला? कॅप्टन जॉन मार्टिनला मिळालेल्या जमिनीच्या सनदेत वसाहतीच्या कायद्यांतून सूट होती. सभेने विचारलं, सूट सोडतोस का? तो नाही म्हणाला. त्याच्या दोन्ही प्रतिनिधींना बसू दिलं नाही. जो कायदा पाळणार नाही त्याने तो करूही नये, सरळ हिशेब. आपल्यात कोण बसेल ते सभेनेच ठरवायचं, हा कॉमन्सचा खाक्या. उकाडा असा की सहा दिवसांत सभा गुंडाळली, तेवढ्यात एक सभासद दगावलासुद्धा.

बोरकूट: मॅसॅच्युसेट्समध्ये तर डुकरिणीने काम केलं. १६३४ पासून गावोगावचे प्रतिनिधी जनरल कोर्टात यायला लागले, म्हणजे भागधारकांची सभा तिथेच बदलली. पुढे बोस्टनच्या शर्मनबाईंची डुकरीण हरवली. त्यांचं म्हणणं, रॉबर्ट कीन या श्रीमंत व्यापाऱ्याने ती मारली. खटला १६४२ मध्ये जनरल कोर्टात पोचला (तुम्ही न्यायव्यवस्थेत टाकलंत ते अगदीच चूक नव्हतं!). गावांचे प्रतिनिधी बहुतेक बाईंच्या बाजूने, मॅजिस्ट्रेट (गव्हर्नरचे सहायक, तेही याच कोर्टात बसायचे) बहुतेक कीनच्या. आमच्या संमतीशिवाय निकाल नाही, असं मॅजिस्ट्रेट अडून बसले. ते भांडण इतकं चिघळलं की १६४४ मध्ये दोघांची सभागृहं वेगळी झाली.

आठवीची_आई: डुकरीण म्हटल्यावर लेक फोन ठेवून उठून आली! उजव्या रकान्यात चित्रही काढलंय. आता डावीकडे लॉर्ड्स आणि कॉमन्स लिहिलं तर चालेल?

दप्तरी: चालेल, पण लॉर्ड्सपुढे कंसात 'फक्त आकार' असं टाकायला सांगा. मॅसॅच्युसेट्सचे मॅजिस्ट्रेट पार्लमेंटच्या वरच्या सभागृहातल्या लॉर्ड्ससारखे बापाच्या गादीवर बसत नव्हते, दर वर्षी निवडून यावं लागायचं. आणि वर एक ओळ कंपनीच्या सनदेची असू द्या.