न्यूमोकोकसच्या लशीत आणखी किती कवचं भरणार?

रानवारा: न्यूमोकोकस या न्यूमोनिया घडवणाऱ्या जिवाणूच्या अंगावर साखरेच्या साखळ्यांचं कवच असतं आणि आपली लस शरीराला त्या कवचाचीच ओळख करून देते. कवचाचे प्रकार शंभराच्या आसपास. ते घडवणारी जनुकं एकाच ठिकाणी ओळीनं असतात, त्यामुळे हा जिवाणू दुसऱ्याकडून अख्खा संच उचलून वेगळं कवच चढवू शकतो. अमेरिकेत २००० साली सात प्रकारांची लस आली. ते सात मागे पडले, १९ए नावाचा वेगळा प्रकार वर आला. २०१० मध्ये तेरा प्रकार, पुढे पंधरा, वीस. माझं ठाम मत आहे की पैसा आता सगळ्या प्रकारांत सापडणाऱ्या प्रथिनांच्या लशीकडे वळवावा.

बालवैद्य: मला नाही पटलं. रिकामी जागा दुसऱ्यांनी घेतली, पण लहान मुलांमधला गंभीर आजार एकूण कमी झाला, हे का सोडताय? आपल्याकडे २०१७ पासून टप्प्याटप्प्यानं आणि २०२१ मध्ये देशभर ही लस सुरू झाली: दीड महिना, साडेतीन महिने, नऊ महिने. न्यूमोनिया झालेल्या बाळाच्या बरगड्यांखाली श्वासागणिक खड्डा पडतो, दूध ओढवत नाही. आज हातात आहे त्या लशीचा पैसा कमी करू नका.

रानवारा: डॉक्टर, चालू लस बंद करा असं मी म्हणतच नाही. पण ६ए आणि ६बी मध्ये फरक केवढा? एका जनुकात एक अमिनो आम्ल बदललं की साखरेचा एक जोड बदलतो, झाला नवा प्रकार.

काचपट्टी: तुमचंच उदाहरण उलटं पडतंय. ६बी ची लस ६ए पासूनही बऱ्यापैकी वाचवते. १९एफ ची मात्र १९ए ला पुरी पडली नाही. म्हणून पुण्यात बनलेल्या दहा प्रकारांच्या लशीत १९ए वेगळा घेतलाय; ३, ४, १८सी नाहीत. कुठला प्रकार घ्यायचा हे त्या त्या भागातल्या नमुन्यांवरून ठरायला हवं, आणि घोडं तिथेच अडतं. आमच्या लॅबमध्ये रक्ताची बाटली येते तोवर बाळाला अँटिबायोटिक देऊन झालेलं असतं. बाटलीत काही वाढत नाही, प्रकार कळत नाही.

रानवारा: नमुन्यांचं शंभर टक्के मान्य. तरी प्रथिनांचा आग्रह सोडत नाही. प्रकार ३ बघा: तेरा प्रकारांच्या लशीत असूनही तो पुरता आवरला नाही. त्याचं कवच पेशीला घट्ट जोडलेलं नसतं, सुटून जातं आणि प्रतिपिंडं (अँटीबॉडी) त्या सुट्या तुकड्यांनाच चिकटून बसतात.