नाव लपवून वापरायची डेटिंग अ‍ॅप खरी का, आणि लहान गावात किती सुरक्षित?

पांढरंसोनं (ता. दारव्हा, जि. यवतमाळ)
"शंभर टक्के प्रायव्हेट" अशी जाहिरात असलेली दोन अ‍ॅप पाहिली. एक प्ले स्टोअरवर आहे, दुसऱ्याची एपीके फाईल (प्ले स्टोअरशिवाय थेट अ‍ॅप टाकायची फाईल) व्हॉट्सअ‍ॅपवर येते. गाव दोन हजार वस्तीचं. फोन घरात दोघं वापरतात, सिम वडिलांच्या नावावर आहे. अ‍ॅप खरं आहे हे ओळखायचं कसं? आणि खरं असलं तरी गावात कळणार नाही याची खात्री किती?

सायबरसोबती
एपीके टाकूच नका. अशी फाईल एसएमएस, कॉन्टॅक्ट आणि अ‍ॅक्सेसिबिलिटीची (स्क्रीन वाचण्याची आणि तुमच्या वतीनं बटणं दाबण्याची) परवानगी मागते. ती दिली की बँकेचा ओटीपी आणि घरच्यांचे नंबर दोन्ही समोरच्याच्या हातात.

प्ले स्टोअरवर आहे म्हणजे खरं, असंही नाही. एक तारा दिलेले अभिप्राय आधी वाचा. "पैसे कापले", "अकाउंट डिलीट होत नाही" हे पुन्हा पुन्हा दिसलं तर सोडा. मोठी खूण अशी: नोंदणी झाल्यावर पाच मिनिटांत वीस मुलींचे मेसेज येतात आणि वाचायला कॉइन घ्यावे लागतात. दोन हजारांच्या गावात "पाच किलोमीटरच्या आत" इतक्या जणी फोटोसकट वाट पाहत असतील का, हा हिशेब तुम्हीच करा.

खऱ्या कंपनीच्या शब्दावरही विसंबू नका. अ‍ॅश्ली मॅडिसन ही विवाहबाह्य संबंधांसाठीची नावाजलेली डेटिंग साइट २०१५ च्या जुलैत फोडली गेली आणि तीन कोटींहून जास्त खात्यांची माहिती उघडी पडली. माहिती पूर्ण पुसण्यासाठी ती १९ डॉलर घेत होती, तरी पैसे भरलेल्यांच्या नोंदीही त्यात निघाल्या. बायकांची कित्येक प्रोफाईल तर कंपनीनंच बनवलेली होती. म्हणून खरं नाव, चेहरा आणि नेहमीचा नंबर आत जाऊच नये.

वऱ्हाडीगडी
हे सारं बरोबर, पण गावाची गोष्ट येगळी हाय. मुंबईत "दोन किलोमीटरवर" मंजे हजारो लोक; तुमच्या गावात मंजे तुमीच. अँड्रॉइड १२ पासून लोकेशन "अंदाजे" देता येते, पण थो अंदाजबी तीन-एक चौरस किलोमीटरचा. आपलं गावठाण त्यात पुरं मावते. म्हणून परवानगी "अ‍ॅप चालू असतानाच" ठेवा, यवतमाळ-अमरावतीले गेल्यावरच उघडा, परत येताना बंद करा.

फोटोत तोंड नसलं तरी मांगची ग्रामपंचायतीची पाटी, गाडीचा नंबर, अंगातला मंडळाचा टी-शर्ट सारं सांगते.

सगळ्यात जास्त घोटाळा जीमेलचा. लय घरी दुकानदारानं एकच जीमेल दोन फोनात टाकून देलं असते. मंग तुमी टाकलेलं अ‍ॅप दुसऱ्या फोनातल्या प्ले स्टोअरच्या यादीत दिसते, अन् बॅकअप चालू असला तं फोटोबी तिकडं उघडतात. येगळं जीमेल काढा. फेसबुकनं लॉगिन करू नोका. नंबर कोणाले देऊ नोका, ट्रूकॉलरवर वडिलाईचं नाव दिसू शकते. पैसे भरले तं पासबुकात नोंद येते, थेबी ध्यानात ठेवा.

अ‍ॅप नुसतं काढून प्रोफाईल जात नाई. पयले आतून अकाउंट डिलीट करा, मंग प्ले स्टोअरचं सबस्क्रिप्शन अन् यूपीआयचा ऑटोपे, दोन्ही जागी रद्द करा.

पांढरंसोनं
जीमेल खरंच एकच आहे, आजच वेगळं करतो. कोणी व्हिडिओ कॉल रेकॉर्ड करून पैसे मागितले तर?

सायबरसोबती
एक रुपयाही देऊ नका. एकदा दिला की रक्कम वाढत जाते. पुढं "पोलीस अधिकारी" किंवा "यूट्यूबवाला" बनून त्याच टोळीतला माणूस फोन करतो. चॅट पुसू नका: प्रोफाईल, नंबर, यूपीआय आयडी यांचे स्क्रीनशॉट काढा, मग ब्लॉक करा. फेसबुकची मित्रयादी "फक्त मी" करा, कारण धमकी तिथूनच उचललेल्या नावांवर चालते. पैसे गेलेच असतील तर यूटीआर क्रमांक (त्या व्यवहाराचा बँकेतला नंबर) हाताशी घेऊन लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितकं लवकर, तितकी रक्कम गोठण्याची शक्यता जास्त. लेखी तक्रार सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर.

मुलगा-मुलगा असाल आणि कोणी कलम ३७७ चा (समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या जुन्या कलमाचा) धाक दाखवला तर घाबरू नका. सज्ञान व्यक्तींचे संमतीचे संबंध सुप्रीम कोर्टानं ६ सप्टेंबर २०१८ ला गुन्ह्यातून काढले. खंडणी मागणाराच गुन्हेगार आहे. गावच्या ओळखीच्या ठाण्यात जायला संकोच वाटला तर जिल्ह्याच्या सायबर ठाण्यात जा.

फोटो पसरायची भीती असेल तर स्टॉप एनसीआयआय डॉट ऑर्ग वर नोंद करा. फोटो तुमच्या फोनातच राहतो, फक्त त्याचा डिजिटल ठसा फेसबुक-इन्स्टाग्रामकडे जातो. ही सोय अठरा वर्षांवरच्यांसाठी; त्याखालच्यांसाठी "टेक इट डाऊन" आहे.